दूरचा वारा, इथलं पाणी

डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्यावर वारा उत्तरेच्या अंगानं येतो, आणि किनाऱ्यापासून थोडं आत, खोल पाण्याच्या कडेनं जाणारा मोठा प्रवाह मात्र उत्तरेकडेच चाललेला असतो. म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. शिवाय हे पाणी अरबी समुद्राच्या मानानं अळणी असतं. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि नद्या कमी, त्यामुळे तिथलं पाणी खारटच असायला हवं. हे कमी खारट पाणी येतं ते गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी पोटात घेणाऱ्या बंगालच्या उपसागरातून, श्रीलंकेला आणि कन्याकुमारीला वळसा घालून. त्र्यंबकेश्वराहून निघून पूर्वेला गेलेल्या गोदावरीचा काही अंश असा समुद्रमार्गे पुन्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी येत असणार.

हे उदाहरण आधी घेतलं, कारण समुद्रप्रवाह आणि हवामानाचा लहरीपणा या प्रश्नावर गेल्या साठ वर्षांत जे कळलं त्याचा गाभा त्यात आहे. एखाद्या ठिकाणचं पाणी कसं वागेल हे तिथल्या वाऱ्यावर थोडं आणि दुसरीकडे, काही आठवड्यांपूर्वी वाहून गेलेल्या वाऱ्यावर बरंच ठरतं. वातावरण दोनेक आठवड्यांत सगळं विसरतं; समुद्र महिनोन्‌महिने, काही बाबतींत दशकंसुद्धा, लक्षात ठेवतो. पावसाचा अंदाज हंगामाआधी देता येतो तो मुख्यतः या स्मरणाच्या जोरावर. पण आपल्याकडे मे महिन्यात वर्तमानपत्र उघडलं की या सगळ्याचं दोन शब्दांत भागतं: एल निनो. तो आला की दुष्काळ, नाही आला की सुकाळ. प्रशांत महासागराचा एवढा दबदबा, की ज्याच्या काठावर आपण राहतो त्या समुद्राची कुणी साधी विचारपूस करत नाही.

हिंदी महासागराच्या उत्तर भागातले प्रवाह वर्षातून दोनदा उलटतात, हा काही आधुनिक विज्ञानाचा शोध नव्हे. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरबी ग्रंथांत त्याचे उल्लेख आहेत, आणि ज्या खलाशांकडून त्या लेखकांनी ते ऐकलं त्यांना ते त्याच्याही आधीपासून ठाऊक असणार. अठराव्या शतकात बंगालची मोजणी करणारा जेम्स रेनेल उतारवयात प्रवाहांच्या मागे लागला. त्या काळची रीत सोपी होती. वेग आणि दिशा यांच्या हिशेबानं जहाज जिथे असायला हवं ते ठिकाण, आणि सूर्य-ताऱ्यांवरून ते प्रत्यक्षात जिथे निघतं ते ठिकाण, या दोहोंतला फरक म्हणजे प्रवाह. लाखो जहाजांच्या अशा नोंदींवरून पुढे नकाशे झाले, आणि चांगले झाले. पाणी कुठे जातं हे त्यांतून कळलं. का जातं, हे कळलं नाही.

ते कळण्याची सुरुवात १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनं झाली. तोवर हा जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला मोठा समुद्र होता. चाळीसेक जहाजं त्यात उतरली, भारतीय नौदलाचं ‘किस्तना’ त्यांतलंच. मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोनापावलाला स्थिरावली. मोहिमेच्या नोंदींचा ॲटलास क्लाउस विर्टकी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं, की विषुववृत्तावर वर्षातून दोनदा, दोन मॉन्सूनांच्या मधल्या काळात, पूर्वेकडे धावणारा एक अरुंद आणि वेगवान प्रवाह उभा राहतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आज तो विर्टकी जेट म्हणून ओळखला जातो, आणि या लेखात तो पुन्हा भेटणार आहे.

हिंदी महासागराचं वेगळेपण भूगोलातच आहे. अटलांटिक आणि प्रशांत उत्तरेला थेट ध्रुवाकडे पसरतात. इथे कर्कवृत्ताच्या आसपास आशियाची भिंत लागते. त्या भिंतीमुळे मॉन्सून, आणि मॉन्सूनमुळे दर सहा महिन्यांनी उलटणारे वारे. इतर महासागरांत वारे बरेचसे एकाच दिशेचे, त्यामुळे तिथले गल्फ स्ट्रीम किंवा कुरोशिओसारखे प्रवाह वर्षभर नांदतात. इथला संसार दर सहा महिन्यांनी मोडून पुन्हा मांडावा लागतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरचा प्रवाह उन्हाळी मॉन्सूनमध्ये सेकंदाला दोन मीटरहून जास्त, कधी साडेतीन मीटरपर्यंत वेगानं उत्तरेकडे धावतो. जगातल्या सर्वांत वेगवान प्रवाहांत त्याची गणना होते. हिवाळ्यात तोच दक्षिणेकडे वळतो. एवढा मोठा प्रवाह इतक्या झटपट कसा उलटतो? ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी १९६९ साली उत्तर सुचवलं: भर समुद्रात वाऱ्यानं केलेली ढवळाढवळ लाटांच्या रूपानं पश्चिमेकडे सरकते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येऊन साठते. त्यांचं उत्तर तपशिलात पुढे बरंच दुरुस्त झालं. दिशा मात्र ठरली ती ठरलीच.

या लाटा किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा नव्हेत. समुद्रात वर उबदार पाण्याचा थर असतो, खाली थंड. दोघांमधली सीमा, जिला थर्मोक्लाइन म्हणतात, ती वर-खाली होते आणि तो उठाव हजारो किलोमीटर प्रवास करतो. पृष्ठभागावर तो काही सेंटीमीटरांचा फुगवटा असतो, खोलवर तीच सीमा दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त हललेली असते. दोरीचं एक टोक झटकलं की झटका दुसऱ्या टोकाला पोचतो, दोरी मात्र जागची फार हलत नाही, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे या लाटांचे दोन स्वभाव होतात. केल्विन लाट विषुववृत्ताला किंवा किनाऱ्याला धरून जाते, आणि उत्तर गोलार्धात किनारा कायम तिच्या उजव्या हाताला असतो. रॉस्बी लाट पश्चिमेकडे जाते, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर तितकी मंद.

आता भारताचा नकाशा समोर ठेवा. विषुववृत्तावर वाऱ्याचा झोत आला, केल्विन लाट पूर्वेला सुमात्राला जाऊन थडकली. तिथून किनारा उजव्या हाताला ठेवत ती वर म्यानमारला, बांगलादेशला, मग आंध्र-तामिळनाडूच्या किनाऱ्यानं खाली, श्रीलंकेला वळसा, आणि केरळ, कर्नाटक, गोवा करत कोकणात. वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर धरला तर दिवसाला सुमारे दोनशे किलोमीटर. रत्नागिरीसमोरचं पाणी सुमात्राच्या बाजूला काय घडलं याची दखल महिना-दीड महिन्यात घेतं, ते असं. कोळ्याला उधाण-भांगाचं पाणी पंचांगावरून कळतं, कारण तिथे चंद्र-सूर्याचा हिशेब ठरलेला आहे. या पाण्याचं पंचांग नाही.

डिसेंबरातल्या उलट्या प्रवाहाचं कोडं याच चौकटीत सुटत गेलं. एनआयओतले सतीश शेट्ये, जे पुढे संस्थेचे संचालक आणि नंतर गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७-८८ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्याला आडवे छेद घेत जहाजावरून तापमान आणि क्षारता मोजली. १९९० आणि १९९१ साली आलेल्या त्यांच्या दोन निबंधांनी या प्रवाहाचं शरीर पहिल्यांदा नीट दाखवलं. पावसाळ्यात वर दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह आणि त्याच्या पोटाखाली उत्तरेकडे जाणारा अंतःप्रवाह. हिवाळ्यात उत्तरेकडे जाणारा प्रवाह, दक्षिणेत रुंद नि उथळ, उत्तरेकडे अरुंद नि खोल होत गेलेला. वाऱ्याविरुद्ध तो कसा जातो? शेट्ये यांचं पहिलं उत्तर असं होतं, की दक्षिणेला हलकं, अळणी पाणी साचल्यानं तिथली पातळी किंचित उंच राहते, आणि हा उतार क्षीण हिवाळी वाऱ्याला भारी पडतो. मग हा उतार दर वर्षी नेमका येतो कुठून? त्याच सुमारास जूलियन मॅक्रीरी यांच्या संगणकी प्रारूपांनी दाखवलं, की बंगालच्या उपसागरातले आणि विषुववृत्तावरचे वारे बाजूला काढले तर पश्चिम किनाऱ्याचा हिवाळी प्रवाह दुबळा होतो. ही दोन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. दुसऱ्यात पहिल्याचं मूळ सापडतं. २००२ साली डी. शंकर, पी. एन. विनयचंद्रन आणि ए. एस. उन्नीकृष्णन यांनी या साऱ्या मॉन्सून प्रवाहांचा एक दीर्घ आढावा लिहिला. या विषयात शिरणाऱ्यानं सुरुवात करावी ती तिथून, असं माझं मत आहे.

पण जहाज म्हणजे एका महिन्याचं चित्र. वर्षभर पाणी काय करतं हे बघायला उपकरण समुद्रातच ठेवायला हवं. एनआयओनं या शतकात पश्चिम किनाऱ्यावर, गोवा आणि मुंबईसह निरनिराळ्या ठिकाणी, एडीसीपी नावाची यंत्रं नांगरून ठेवली. हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. तळाशी जड वजन, त्याला वायरदोर, मध्ये ठरलेल्या खोलीवर वर तोंड करून बसवलेलं यंत्र आणि सगळं ताठ उभं राहावं म्हणून तरंगते गोळे. वर काहीच दिसत नाही. सगळी साखळी पाण्याखाली. यंत्र ठरावीक वेळानं ध्वनीचे ठोके वर सोडतं. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांवर आणि कणांवर आदळून ते परततात, आणि परतलेल्या आवाजाचा सूर किती बदलला त्यावरून प्रत्येक थरातल्या पाण्याचा वेग निघतो. वर्षभरानं जहाज त्या जागी जातं, पाण्यात सांकेतिक आवाज सोडतं. तळाजवळचा आकडा उघडतो, वजन तिथेच राहतं आणि उरलेली साखळी वर उसळते. उसळली तर. मासेमारीच्या जाळ्यात सापडलेली यंत्रं हा या धंद्यातला नेहमीचा खर्च.

या नोंदींनी नकाशावरच्या देखण्या बाणांची चांगलीच जिरवली. ऋतूनुसार उलटणारा प्रवाह आहेच, पण त्यावर काही आठवड्यांचे चढउतार स्वार असतात आणि कित्येकदा तेच भारी ठरतात. महिन्याभरात प्रवाह एका दिशेनं जोरात वाहतो नि पुढच्या महिन्यात उलट फिरतो. २००९ साली जेरोम व्हिआलार आणि एनआयओतल्या मंडळींनी मिळून दाखवलं, की गोव्यासमोरच्या या चढउतारांचा बराच भाग विषुववृत्तावरच्या वाऱ्यांनी घडवलेला आहे, आणि ते वारे मॅडन-जूलियन आंदोलनाशी, म्हणजे पूर्वेकडे सरकत जाणाऱ्या ढगांच्या त्या महाकाय पट्ट्याशी बांधलेले आहेत. हे निखळ समुद्रशास्त्र वाटेल. पण समुद्रात तेल सांडलं, किंवा एखादी होडी भरकटली, तर ती कोणत्या तालुक्याला लागेल हे सरासरी बाणावरून सांगणारा माणूस साफ फसेल.

आतापर्यंत वाऱ्यानं पाणी कसं हलतं ते पाहिलं. उलट बाजू जास्त वादाची: हललेलं पाणी पावसाचं काय करतं?

इथे पुण्यात वाढलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य घालवलेल्या सुलोचना गाडगीळ यांचं काम टाळून पुढे जाता येत नाही. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय त्यावर उंच ढगांची दाटी होत नाही. यातली मेख अशी, की २८ च्या वर गेल्यावर ढग होतीलच असंही नाही. पाणी तापणं आवश्यक, पण पुरेसं नव्हे. हा बारकावा आजही बातम्यांतून हरवतो. ‘समुद्र तापला म्हणून पाऊस वाढणार’ असं वाचलं की मला गाडगीळांची आठवण होते.

उन्हाळी मॉन्सूनमध्ये अरबी समुद्र थंड होत जातो, कारण जोरदार वारे पाणी घुसळतात आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर खालचं थंड पाणी वर येतं. बंगालचा उपसागर मात्र गरमच राहतो. तिथे वारा तुलनेनं कमी, आणि नद्यांचं व पावसाचं गोडं पाणी वर झाकणासारखं पसरल्यानं खालचं थंड पाणी वर मिसळत नाही. एस. एस. सी. शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ साली या दोन समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला. कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरात एकामागून एक का तयार होतात आणि विदर्भापर्यंत पाऊस का आणतात, याचं निम्मं उत्तर त्या गोड्या पाण्यात आहे.

तेच गोडं पाणी हिवाळी प्रवाहाबरोबर लक्षद्वीपच्या समुद्रात येतं, तिथे हलका थर करून बसतं आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तापतं. मे महिन्यात तिथलं तापमान ३० अंशांच्या वर जातं; त्या वेळी जगातल्या सर्वांत उबदार पाण्यांपैकी ते एक असतं. याच भागात मॉन्सूनच्या आगमनाच्या वेळी कधी कधी एक भोवरा जन्मतो आणि पावसाला किनाऱ्यावर ओढून आणतो. डिसेंबरातला प्रवाह असा जूनपर्यंत पोचतो. साखळी सुंदर आहे, पण तिची शेवटची कडी मला ढिली वाटते. पाणी दर वर्षी तापतं. भोवरा दर वर्षी होत नाही.

सोमालियाकडची कडी अधिक भक्कम दिसते. ताकेशी इझुमो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की वसंताच्या शेवटी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर थंड पाणी कमी वर आलं तर पश्चिम अरबी समुद्र जरा उबदार राहतो, बाष्प वाढतं, आणि त्या वर्षी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे सह्याद्रीच्या या बाजूला, पाऊस वाढण्याकडे कल असतो. चिपळूणच्या पावसाची एक गोष्ट मोगादिशूसमोर सुरू होते.

आता एल निनो. गिल्बर्ट वॉकर १९०४ साली भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले ते १८७७ आणि १८९९ च्या दुष्काळांची छाया असलेल्या देशात. जगभरच्या नोंदी पडताळताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला हवेच्या दाबाचा झोका सापडला. त्याची प्रशांताच्या पाण्याच्या तापण्याशी, म्हणजे एल निनोशी, सांगड याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली घातली. १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५: या दुष्काळी वर्षांमागे एल निनो होता. महाराष्ट्रात १९७२ चा उल्लेख निघाला की आजही घरातली म्हातारी माणसं रोजगार हमीच्या खडीफोडीबद्दल आणि सुकडीबद्दल बोलू लागतात.

मग १९९७ उजाडलं. शतकातला सर्वांत बलवान म्हणावा असा एल निनो, आणि भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. दोन वर्षांनी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी एल निनो आणि मॉन्सूनचं नातं क्षीण होत चाललं आहे असा निबंध लिहिला. त्याच वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी आले. एक पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांचा. दुसरा साजी, पुढे पुण्याच्या त्याच संस्थेचे संचालक झालेले भूपेंद्रनाथ गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांचा. दोघांचं म्हणणं एकच: हिंदी महासागराला स्वतःचा एक झोका आहे. एरवी सुमात्राजवळचं पाणी उबदार आणि आफ्रिकेकडचं त्यामानानं थंड असतं. काही वर्षी हे पालटतं. विषुववृत्तावरचे वारे उलटतात, शरदातला विर्टकी जेट उभाच राहत नाही, सुमात्राजवळ थंड पाणी वर येतं, पाऊस पश्चिमेकडे सरकतो. १९९७ साली पूर्व आफ्रिका पुरात होती आणि इंडोनेशियाची जंगलं जळत होती. या झोक्याला द्विध्रुव, आयओडी, असं नाव पडलं; तो असा पालटलेला असला की धन द्विध्रुव.

पंचवीस वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, द्विध्रुव हे स्वतंत्र पात्र आहे आणि धन द्विध्रुव एल निनोचा घाव झेलतो. १९९७ त्याचा पुरावा. दुसरा पक्ष म्हणतो, ही बहुतांशी एल निनोचीच सावली, उरलेला संख्याशास्त्रानं उभा केलेला भास. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे, कारण एल निनो नसतानाही, उदाहरणार्थ १९६१ साली, द्विध्रुव झालेला आहे, आणि सुमात्राकडची पाण्याची यंत्रणा प्रत्यक्ष मोजली गेलेली आहे. पण ‘घाव झेलतो’ हे मला पटत नाही. १९७२ आणि १९८२ ही वर्षंदेखील धन द्विध्रुवाच्या यादीत सापडतात, आणि तेव्हा घाव झेलला गेला नाही. शिवाय द्विध्रुव भरात येतो तो सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलैच्या पावसाचं श्रेय त्याला द्यायचं तर कारण परिणामाच्या मागून येतं. गाडगीळांनी २००४ साली यावर तोडगा काढला: समुद्राच्या तापमानाऐवजी विषुववृत्तावरचे वारे आणि ढग यांचाच झोका मोजा. त्या मापानं १९९७ आणि २००२ ही दोन्ही वर्षं बरीच उलगडतात. २०२३ साली एल निनो आणि धन द्विध्रुव जोडीनं आले. ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला, सप्टेंबरनं सावरलं, हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला. दोन्ही पक्षांनी तो आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरला.

या वादाच्या खाली दुसरा, संथ बदल चालू आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशानं तापला, जागतिक समुद्राच्या सरासरीपेक्षा जास्त. पुण्यातल्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पश्चिम हिंदी महासागराची ही तापत जाणारी पट्टी पुढे आणली. तापलेल्या समुद्रामुळे जमीन आणि पाणी यांच्या तापमानातला फरक घटतो आणि मॉन्सूनचा जोर ओसरतो, असा त्यांचा मुद्दा. त्याच वेळी मध्य भारतात अतिवृष्टीचे दिवस वाढलेले दिसतात. या उष्णतेचा एक वाटा प्रवाहांनी वाहून आणलेला आहे. इंडोनेशियाच्या बेटांमधून प्रशांताचं पाणी सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर या गतीनं हिंदी महासागरात शिरतं. २००० नंतरच्या दशकात जगाच्या हवेचं तापणं मंदावल्यासारखं वाटत होतं, तेव्हा प्रशांतात मुरलेली बरीचशी उष्णता याच वाटेनं इकडे आली, असं २०१५ च्या एका अभ्यासानं दाखवलं. अरबी समुद्रातली वादळं हा त्याचाच पुढचा अध्याय. २०१९ साली क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं एकाच वेळी अरबी समुद्रात होती; तो टोकाच्या धन द्विध्रुवाचा हंगाम होता. पुढच्या जूनमध्ये निसर्ग हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पण एका वादळाचा दोष एका तापमानाला देणं हा पुन्हा मेमधल्या बातम्यांचाच उद्योग.

अटलांटिकमधला उलथापालथीचा महाप्रवाह मंदावेल का, हा सध्या जगभर गाजणारा प्रश्न. तो या शतकात क्षीण होईल यावर बहुतेकांचं एकमत आहे, कोसळेल का यावर नाही. २००४ पासूनच्या थेट मोजणीत वर-खाली इतकं आहे की निकाल द्यायला वीस वर्षं अपुरी पडतात. आपल्या दृष्टीनं गंमत एवढीच, की तापणारा हिंदी महासागर वातावरणामार्फत त्या प्रवाहाला उलट थोडा टेकू देतो, असा २०१९ चा एक निबंध आहे.

मला याहून मोलाची वाटते ती मुंबईची नोंद. अपोलो बंदराजवळ १८७८ पासून भरतीमापक चालू आहे. १९९९ साली शंकर आणि शेट्ये यांनी त्या नोंदी भारताच्या पावसाशेजारी ठेवल्या, तेव्हा पातळीचे दशकांचे चढउतार आणि पावसाचे चढउतार हातात हात घालून चाललेले दिसले. त्यांनी सुचवलेलं कारण: पावसाची दशकं चांगली तर नद्यांचं पाणी जास्त, किनारी प्रवाहांतली क्षारता कमी, हलकं पाणी जागा जास्त व्यापतं, म्हणून किनाऱ्यालगत पातळी उंच. समुद्र वर येणं म्हणजे फक्त ध्रुवावरचं बर्फ वितळणं, हा समज यानं खोटा ठरत नाही, पण अपुरा नक्की ठरतो. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ नंतर वर्षाला ३.३ मिलिमीटरनं वाढते आहे. त्यात वितळणं, तापणं आणि हे प्रवाहांचं देणंघेणं किती किती, हे वेगळं काढणं मुंबईसारख्या शहराला परवडणारं नव्हे तर लागणारं काम आहे.

आता किनाऱ्यावरच येऊ. पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम किनाऱ्यालगत खालचं पाणी वर सरकतं. त्यात पोषकद्रव्यं असतात म्हणून बांगडा-तारली पोसते, पण त्यात प्राणवायू फार कमी असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरात गोव्याच्या उथळ पाण्यात तळाजवळ प्राणवायू जवळजवळ संपतो. एनआयओतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की ही स्थिती तीव्र होत आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे एक हरितगृह वायू, मोठ्या प्रमाणात सुटतो. कांदोळीसमोरच्या ठरलेल्या जागी १९९७ पासून संस्था नियमित मोजणी करते आहे. काही वर्षी प्राणवायू पार संपतो, काही वर्षी नाही. असं का? २०१७ साली एनआयओ आणि फ्रेंच संशोधकांनी मिळून उत्तर दिलं: धन द्विध्रुवाच्या वर्षी भारताच्या दक्षिण टोकाजवळचे वारे पालटतात, त्यातून निघालेली केल्विन लाट पश्चिम किनाऱ्यानं वर येते आणि प्राणवायूहीन पाण्याला खाली दाबून ठेवते. म्हणजे पूर्व आफ्रिकेत पूर आणि इंडोनेशियात वणवे ज्या वर्षी, त्या वर्षी कळंगुटसमोरचा मासा सुटकेचा श्वास घेतो. एवढी थेट दोरी मी या विषयात दुसरी पाहिलेली नाही.

पुढे काय, याचा अंदाज मात्र दोन बाजूंनी ओढला जातो. वेन्जू त्साय आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या निबंधानुसार, उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर टोकाचे धन द्विध्रुव सतरा वर्षांतून एकदाऐवजी सहा वर्षांतून एकदा येतील. तसं झालं तर गोव्याच्या पाण्याला दाबून धरणाऱ्या लाटा वाढायला हव्यात. पण ज्या प्रारूपांवर हे उभं आहे, त्यांतली बरीच सुमात्राजवळचं पाणी मुळातच वाजवीपेक्षा सहज थंड करतात, आणि ती खोट काढली की आकडा उतरतो, असा आक्षेप आहे. दुसरीकडे तापलेलं पाणी प्राणवायू कमी धरतं, आणि शहरांचं सांडपाणी व खतं किनाऱ्याकडे वाढत्या प्रमाणात येतात. या दोन ओढींत कोण जिंकेल ते सांगायला कांदोळीच्या नोंदी, किनाऱ्यावरचे एडीसीपी आणि विषुववृत्तावरचे नांगरलेले तरंगते खांब एकाच वेळी चालू हवेत. मधल्या काळात सोमाली चाचेगिरीमुळे पश्चिम हिंदी महासागरात जहाजं पाठवणंच अवघड झालं होतं, आणि त्या भागातली मोजणी आजही विरळ आहे. दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला माहिती देणारे आर्गो तरंगक भर समुद्राचं चित्र देतात, पण ते दोन हजार मीटर खोल बुडी मारणारे. दोनशे मीटरहून उथळ किनाऱ्यावर त्यांचा उपयोग नाही. तिथे अजूनही होडी काढून, बाटली खाली सोडून पाणीच वर आणावं लागतं.